बोकड पुलपिटावर चढला तेव्हा

हे सांगितल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि माझी तशी अपेक्षाही नाही. मी स्वतः तिथं नसतो तर मीही ठेवला नसता.

माझ्या शेंडेफळाचं, रूपालीचं, लग्न नुकतंच लागलं होतं. छावणीतल्या चर्चच्या अंगणात पंगती उठल्या होत्या. पाचोडचे आमचे नवे व्याही सांडूभाऊ सुपारी कातरता कातरता म्हणाले, "फाटकापाशी हार घातलेला बोकड बांधलाय. तो जेवणात कसा नाही आला?"

"त्याला कापायची कुणाची छाती नाही," मी म्हणालो. "त्यानं प्रवचन केलंय."

सांडूभाऊंनी अडकित्ता खाली ठेवला. शेजारी माझा मेहुणा कडूबा बसला होता, नवरीचा मामा, डोक्याला गुलाबी फेटा. मी म्हटलं, हा सगळ्याला साक्षी आहे, शंका आली की याला विचारायचं.

तर मुळापासून ऐका. पडेगावात माझं आणि कडूबाचं घर भिंतीला भिंत लागून. नाताळात आम्ही बांबूच्या टोकाला कागदी चांदणी टांगतो, आत दिवा. एका वर्षी त्याची चांदणी माझ्यापेक्षा वीतभर वर गेली. मी बांबूला बांबू जोडला. त्यानं त्यावर आणखी एक जोडला. असं करता करता चांदण्या एवढ्या उंच गेल्या की मुंबईचं विमान चिकलठाणा सोडून पडेगावात उतरायला लागलं.

"खरं का हो?" सांडूभाऊंनी कडूबाला विचारलं.

"चाकं दिसली व्हती," कडूबा म्हणाला.

मग एके दिवशी वारं सुटलं आणि माझा बांबू त्याच्या चांदणीवर आडवा झाला. चांदणीच्या चिंध्या. तो म्हणाला, तुम्ही दोरी बांधली नव्हती. मी म्हणालो, वाऱ्याला जाऊन विचार. झालं, बोलणं बंद. माझं तोंड दिसू नये म्हणून यानं चर्चला येणंसुद्धा सोडलं.

यंदा रूपालीचं जमलं. हुंड्याचं नावही न काढणारं घर मिळालं, हे तुमच्या तोंडावर सांगतो सांडूभाऊ. पण पोरगी अडून बसली. "मामा पाठीशी उभा राहणार नसंल तर मी वेदीपुढं उभी राहणार नाही. तुमचं तुम्ही मिटवा, अण्णा." आशाबाई, म्हणजे माझी बायको आणि याची थोरली बहीण, ती रोज चहाबरोबर तेच ऐकवायची: "जा की, चूक झाली म्हणा." मी म्हणायचो, तो धाकटा आहे, त्यानं यावं. एका कागदी चांदणीपायी चांगलं स्थळ हातचं चाललं होतं.

अशात हंगामाचा सण आला. त्या रविवारी जो तो आपल्या घरचं काहीतरी वेदीपुढं आणून ठेवतो. भोपळे, कणसं, फुलगोबी, अंडी, जिवंत कोंबड्या. मी हा बोकड नेला. आमच्या पाळक तनुजाबाई नव्याच आलेल्या, आणि नवीन माणूस शिकवण मनावर घेतं. पुलपिटावरून म्हणाल्या, "ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं अर्पण इथंच ठेवायचं, आधी जाऊन मिटवायचं आणि मग परत यायचं. प्रभूनं सांगितलंय ते. दरवर्षी आपण आमेन म्हणतो आणि घरी जेवायला जातो. आज मी इथं थांबते, तुम्ही जा."

बाईंना वाटलं होतं, दोघंचौघं उठतील. सगळं चर्च उठलं. शेजारच्या बाकाशीच भांडण असतं तर तिथंच मिटलं असतं, पण आमची भांडणं गावभर. अर्ध्या लोकांचं तर दूधवाल्या अजिनाथशी, दुधातल्या पाण्यावरून. गोठ्यापुढं हात जोडून एवढी माणसं उभी बघून त्याला वाटलं निवडणूक लागली. "मत देतो, पण म्हशी बुजतील, घरी जा," म्हणाला. लोक म्हणाले, "आम्ही तुला चोर म्हणालो, माफ कर." तो इतका शरमला की त्या दिवसापासून त्यानं पाणी बंद केलं. आता दूध इतकं घट्ट येतं की सुरीनं कापून घ्यावं लागतं.

सांडूभाऊंनी कडूबाकडं पाहिलं.

"आमच्याकडं कोयता लागतो," कडूबा म्हणाला.

शेवटी थांबते म्हणणाऱ्या तनुजाबाईंनाही खुलताबादची जाऊ आठवली. त्यांनी स्कूटी काढली. चर्च मोकळं. आत एक माणूस नाही, उरला फक्त बोकड. त्यानं आधी चारी बाजूंना पाहिलं. फुलगोबीचा एक गड्डा सावकाश संपवला. मग पायऱ्या चढून पुलपिटावर गेला, पुढचे पाय कठड्यावर टेकवले, दाढी हलवली आणि रिकाम्या बाकांकडं बघून असा गंभीर बेंऽ केला की कोंबड्या गप झाल्या. एकदा उजवीकडच्या बाकांना, एकदा डावीकडच्यांना. मागच्या पाळकांपेक्षा आवाज खणखणीत, आणि आटोपलंही लवकर.

सांडूभाऊंनी पुन्हा कडूबाकडं पाहिलं. तो फेट्याचा शेमला चाचपत बसला.

"आणि तुम्ही कुठं होता?" सांडूभाऊंनी मला विचारलं.

"मी तर सगळ्यांच्या आधी निघालो. बोकड वेदीपुढं सोडला आणि तडक पडेगाव गाठलं. याच्या दारात टोपी काढून उभा राहिलो. म्हणालो, कडूबा, चूक माझी, दोरी मीच बांधली नव्हती. हा ढसाढसा रडला. याला सायकलवर डबलसीट घालून परत आणला, म्हणून तर आज मामा पोरीच्या पाठीशी उभा दिसला."

कडूबानं घसा खाकरला. "दाजी, इमान मी उतरवलं. दुधाला कोयता लावला. तुमच्या पोरीच्या लग्नात तुम्हाला खोटं पाडायचं नाय म्हणून गप व्हतो. पण चर्चात एक माणूस नव्हता म्हणता, अन् तुम्ही तर माझ्या दारात उभे म्हणता. मग बोकड पुलपिटावर चढलेला पाह्यला कोणी? आक्का मला घेऊन आली तवा तुम्ही पहिल्या बाकावर बसून त्याला फुलगोबी चारत व्हते. अन् मी 'दाजी' म्हणल्यावर रडलं कोण, तेबी सांगू का पाव्हण्यांना?"