टॅकेटांचं लंगडं भांडं

या खटाटोपातून ऑर्व्हिल टॅकेट यांना तीन गोष्टी मिळायच्या होत्या. फाटकाच्या खांबावर ठोकायला ताटाएवढी पितळी पाटी. मे महिन्यात कबरी सजवायच्या रविवारी, सगळं खोरं जेवायला बसण्याआधी, आपल्या मूळपुरुषाचं नाव मोठ्यानं वाचलं जाण्याचा मान. आणि मेहुण्याचं बंद झालेलं तोंड. मेहुणा डेलबर्टला ही पाटी दोन वर्षांपूर्वीच मिळालेली, आणि तेव्हापासून तो प्रार्थनेतही तिचा विषय काढायचा. माझ्या मते खरी गोष्ट तिसरी. पहिल्या दोन वरकड.

पाटी देतं आमच्या जिल्ह्यातलं पहिल्या वसाहतकऱ्यांचं मंडळ. अट एकच: १७९६च्या जूनमध्ये टेनेसी अमेरिकेचं राज्य झालं, त्याआधी तुमचा पूर्वज इथे आला होता याचा लेखी पुरावा हवा. आणि जो कागद द्याल तो त्या रविवारी जसाच्या तसा वाचला जाणार.

कचेरीच्या दफ्तरखान्यात मी एकतीस वर्षं आहे. पूर्वजांच्या शोधात येणारी माणसं मला चालीवरून कळतात. ऑर्व्हिलकाका तर माझ्या शाळेची बस चालवायचे. त्या दिवशीही माझ्या टेबलापाशी तसेच थांबले, जोरात ब्रेक लावल्यासारखे.

"लुरलीन, पोरी, हेझेकाया टॅकेट काढ. शुक्रवारी मुदत संपते."

"काका, जमिनीच्या नोंदींत तो नाही. मी तीनदा पाहिलं."

"त्याला कागद करायला वेळ कुठला मिळाला? दोन हिवाळ्यांत गेला बिचारा. आणि तो गेल्याबरोबर त्या लिंडमूडनं विधवेचं घर धुऊन नेलं."

ही गोष्ट खोऱ्यात सगळ्यांना पाठ आहे. पीटर लिंडमूड नावाच्या शेजाऱ्यानं विधवेची गाय, माग, बिछाना, सगळं कवडीमोलानं उचललं. त्याच्या हातून सुटलं फक्त एक बिडाचं भांडं. तीन पायांपैकी एक मोडलेलं. ते काकांच्या ओसरीवर मोडक्या पायाखाली वीट घेऊन बसलेलं असतं आणि त्यात लाल फुलं लावलेली असतात. म्हणूनच कबरस्तानातल्या जेवणाला टॅकेट ओकच्या झाडाखाली बसतात, लिंडमूड कुंपणापाशी. सव्वादोनशे वर्षं झाली, दोन्हीकडच्या घेवड्याच्या शेंगांची चव एकमेकांना ठाऊक नाही.

काकांच्या त्या 'घर धुऊन नेलं'नंच मला वाट सापडली. त्या काळी माणूस कर्ज ठेवून मेला की कोर्ट त्याच्या अंगणात लिलाव लावायचं, चमच्यापर्यंत सगळं. बायकोला स्वतःची कढई हवी असली तर तिनंही बोली लावायची. कोणी काय घेतलं याची यादी दफ्तरात यायची.

यादी निघाली. फेब्रुवारी १७९६. कै. हेझेकाया टॅकेट, विधवा मॅग्डलीन, मुलगे दोन. राज्य होण्याच्या चार महिने आधीची. पुढची वंशावळ काकांच्या घरच्या बायबलात होतीच.

"मिळाली म्हणायची पाटी," काका म्हणाले. "वाच, काय काय लुटलं त्यानं?"

मी वाचत गेले. गाय, पीटर लिंडमूड. माग, पीटर लिंडमूड. बिछाना, कुऱ्हाड, तोच. एकूण अकरा पौंड चार शिलिंग. शेवटची ओळ होती: बिडाचं भांडं, एक पाय मोडका. पीटर लिंडमूड.

काका चष्मा पुसायला लागले.

"दुसरं असेल."

"असेल. मोडक्या पायाची भांडी काय कमी होती."

"लुरलीन, टोमणे नकोत. ते माझ्या ओसरीवर आलं कसं?"

मग मी मॅग्डलीनचं मृत्युपत्र शोधलं, १८१९चं. तिनं वस्तू मुलांना वाटून दिल्या होत्या आणि खाली लिहवून घेतलं होतं, 'या सगळ्या शेजारी पीटर लिंडमूड यांनी लिलावात घेतल्या, त्याच संध्याकाळी माझ्या अंगणात आणून ठेवल्या, आणि पुढे कधी मागितल्या नाहीत. मुलांनी हे विसरू नये.'



"पाटीला नुसती यादी पुरते, काका," मी म्हणाले. "मृत्युपत्र जोडलंच पाहिजे असं नाही." मला त्यांचा अंदाज घ्यायचा होता, हे कबूल करते.

त्यांनी यादीचं एक आणि मृत्युपत्राची दोन अशा तिन्ही पानांच्या नकला उचलल्या आणि निघून गेले. पैसे न देता. पानाला पन्नास सेंट. मी त्यांच्या नावावर उधारीची चिठ्ठी लिहून गल्ल्यात टाकली.

तो रविवार आला. कबरींवर फुलं वाहून झाली. टॅकेटांची पाळी आली तेव्हा वाचणाऱ्यानं यादी वाचली. कुंपणाकडची मंडळी ताटांकडे बघत राहिली. मग त्यानं पान उलटलं आणि मृत्युपत्र वाचलं. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. डेलबर्टनंसुद्धा टोपी काढली.

वाचन संपल्यावर ऑर्व्हिलकाका ते भांडं दोन्ही हातांनी पोटाशी धरून कुंपणापाशी गेले. फुलं काढलेली, आतून घासलेलं. लिंडमूडांतल्या सगळ्यांत थोरल्या एस्टेलीनबाई खुर्चीत बसल्या होत्या.

"एस्टेलीनबाई, हे तुमचं. आम्ही उलटंच सांगत आलो. आजवर आभार मानायचे राहिले, ते मानतो."

बाईंनी भांड्यात डोकावून पाहिलं.

"लंगडं भांडं घेऊन मी काय करू? माझेच गुडघे धड नाहीत. आमच्या माणसानं ते तुमच्याकडे राहावं म्हणूनच घेतलं होतं ना? मग राहू दे. फक्त पुढच्या वर्षी त्यात शेंगा शिजवून आण. आणि आता बस, मक्याचा पाव निवतोय."

काका बसले. त्यांच्यामागून एकेक करून ओकखालची मंडळीही सरकली. मी तर दोन्हीकडच्या शेंगा खाल्ल्या.

सोमवारी एस्टेलीनबाई काठी टेकत दफ्तरखान्यात आल्या. पीटरच्या यादीची नकल त्यांनाही हवी होती, भिंतीवर लावायला. पैसे देताना त्यांना गल्ल्यातली चिठ्ठी दिसली.

"हे ऑर्व्हिलचे?"

"विसरलेत. आठवण करीन."

"नको. त्याला आत्ताच कुठे आभार मानायला जमतंय," त्या म्हणाल्या आणि आणखी दीड डॉलर मोजून ठेवले.

तेव्हा हिशेब असा. पाटी टॅकेटांच्या खांबावर, भांडं टॅकेटांच्या ओसरीवर. त्यासाठी पैसे पडले दोनदा: १७९६ साली अकरा पौंड चार शिलिंग आणि परवा दीड डॉलर. दोन्ही वेळा ते लिंडमूडांनी भरले.