सात नंबरचा कॅमेरा

आमच्या कंट्रोल रूमला खिडकी नाही. धंदा उन्हाचा, पण ऊन बघायचं ते पडद्यावर. सोलर प्रकल्प इथून दोनशे किलोमीटर लांब. तरी एखाद्या पॅनेलवर पक्षी शिटला की त्या रांगेची वीज घटते आणि आम्हाला इथं कळतं. पाहुण्यांसमोर या यंत्रणेचं तोंडभरून कौतुक करायचो मीच.

तिथल्या कुंपणाचे पहारेकरी माझे वडील, अप्पा. निवृत्तीनंतर घर खायला उठतं म्हणाले, म्हणून मीच त्यांना चिकटवलं. राहायला गेटजवळ खोली. तासातासाला कुंपणाची फेरी, आणि फेरीवर जाताना फोन गेटवर ठेवायचा, असा नियम. सात नंबरच्या कॅमेऱ्याखाली आले की आमच्याकडे अलार्म वाजायचा आणि त्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर उघडायचं. ते हात वर करायचे. तिथल्या भोंग्यातून मी म्हणायचो, "दिसलात अप्पा, चला पुढं!"

"बरं, साहेब!" ते मुद्दाम म्हणायचे. सगळी रूम हसायची.

पण दर अलार्मला कारण लिहावं लागतं. दिवसातून आठ वेळा 'पहारेकरी, पहारेकरी' लिहून माझं डोकं उठलं. शेवटी सात नंबरचा अलार्म मी दिवसाच्या वेळेपुरता बंद करून टाकला. दिवसाढवळ्या कोण चोर येतोय? अप्पांना सांगितलं नाही. रुसले असते आणि मला समजूत काढत बसावं लागलं असतं.

फोनवर त्यांनी एकदाच विचारलं, "कामात असतोस वाटतं?"

"हो ना," मी म्हटलं.

अलार्म बंद केल्याच्या अकराव्या दिवशी ऊन भाजून काढत होतं. विजेचा आकडा विक्रमी. मॅनेजरनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पडद्यावर सगळं हिरवंगार. सहाला पाळी बदलायला आलेल्या पहारेकऱ्याचा फोन आला, तेव्हा सगळं संपलं होतं. उष्माघात. वेळेवर कळलं असतं तर वाचले असते, डॉक्टर म्हणाले.

अलार्म बंद केला तरी कॅमेऱ्याचं चित्रण चालूच असतं. ते बघायची हिंमत व्हायला मला महिना लागला.

दहा दिवस अप्पा दर फेरीला तिथं थांबले होते. हात वर करायचे, भोंग्याकडे कान देऊन उभे राहायचे, मग निघायचे. अकराव्या दिवशी दुपारी तीनला त्यांचे पाय लटपटले. पॅनेलची सावली चार पावलांवर होती. तिकडे गेले नाहीत. सावलीत ते मला दिसले नसते. उन्हातच बसले, माझ्यासमोर, हात वर करून.