बारीक आवाज

पडद्यावर पुन्हा तीच चौकट आली. सगुणाताईंनी निमूटपणे 'कॅन्सल' दाबलं आणि काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसलेल्या अहमदभाईंना हातानेच 'नाही' अशी खूण केली.

अहमदभाई बाहेर आले. "आजपण नाय? बाय, तिसरी फेरी माझी. नाटे गावातून यायचा म्हणजे अर्धा दिस एस्टीतच जातो. तुझी मशीन माझ्यावर रुसली काय?"

"तुमच्यावर नाही हो, माझ्यावर. नवा कॉम्प्युटर आल्यापासून असंच चाललंय."

"एजंटाला आज संध्याकाळपर्यंत रिपोर्ट फॅक्स झाला नाय, तर शनिवारी बोट माझ्याबिगर सुटेल. या वयात परत कोण बोलावतो?"

ट्रस्टच्या या दवाखान्यात सगुणाताई बावीस वर्षं लोकांचे कान तपासत होत्या. तपासायचं मशीन जुनं, ते चालवणारा प्रोग्रामही जुना. कॉम्प्युटर तेवढा नवा आला आणि भारी संशयी निघाला. प्रोग्राम मशीनला हात लावायला गेला की तो आडवा यायचा. हा अनोळखी आहे, सोडू का, म्हणून विचारायचा. मागे कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरून सगळ्या नोंदी गेल्या होत्या. तेव्हापासून भिंतीवर परिपत्रक होतं, कॉम्प्युटरने काहीही विचारले तरी 'नाही' म्हणावे. आणि सांगितलेलं मोडायचा ताईंचा स्वभाव नव्हता.

आज संकष्टी. पोटात सकाळपासून नुसता चहा, त्यात डोकं चढलेलं. शेवटी त्यांनी पुण्याला मशीनच्या कंपनीत शुभंकरला फोन लावला.

"ताई, तीन दिवस कॅन्सल दाबताय?" तो हसायलाच लागला.

"परिपत्रकच आहे तसं."

"अहो, आपल्याच माणसाला दारात अडवून ठेवलंय तुम्ही! 'अलाऊ' दाबा. पाप लागलं तर माझ्या माथी."

ताईंनी दाबलं. मशीनवरचा हिरवा दिवा लागला. माझ्यामुळे या माणसाच्या दोन फेऱ्या फुकट गेल्या, हे मनाला लागलं. पण बोलायला वेळ नव्हता. त्यांनी अहमदभाईंना परत आत बसवलं. "आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असला तरी."

"ठावं हाय गे बाय. अठरा वर्षां बोटीच्या इंजिनात काढली, ह्याच तपासण्या देत."

जाड आवाजांना अहमदभाई पटापट बटण दाबत गेले. मग पट्टी चढत आवाज बारीक होत गेले आणि बटण थांबलं. ताईंनी आवाज वाढवला. अजून वाढवला. अहमदभाई तसेच बसलेले.

दोन वर्षांपूर्वीचा त्यांचा आलेख ताईंनी फाइलमधून काढला. रेघ जवळजवळ सरळ होती, सगळे आवाज ऐकू आलेले. म्हणजे खोट नक्की मशीनचीच. त्यांनी पुन्हा फोन लावला. "शुभंकर, अर्धंच सोडतोय तो. जाड आवाज जातात, बारीक मशीनपर्यंत पोचतच नाहीत. अजून अडवतोय कुठेतरी."

"ताई, एकदा सोडलं की सगळंच सोडतो तो. अर्धंमुर्धं नसतं त्यात."

"मग आवाज का नाही येत?"

"तुम्ही स्वतः कानाला लावून पाहिलंत?"

घाईत तेच राहिलं होतं. पडद्यावर आवाज चालू ठेवूनच ताई आत गेल्या. अहमदभाईंच्या डोक्यावरचा हेडफोन काढून त्यांनी स्वतःच्या कानांना लावला आणि दचकून लगेच दूर धरला. शिट्टीसारखा बारीक, धारदार आवाज. कानात घुसावा इतका मोठा.

अहमदभाई त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "काय झाला बाय? अजून सुरू नाय ना?"

ताईंनी हेडफोन पुन्हा अहमदभाईंच्या कानांवर ठेवला, त्यांची टोपी नीट केली, हलकेच दार ओढून घेतलं.

बाहेर येऊन त्यांनी आवाज अगदी खाली नेला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. काचेपलीकडे अहमदभाई ताठ बसले होते, बटणावर अंगठा ठेवून, डोळे मिटून, अंगातलं सगळं बळ कानांत आणून.