दोन ओळींची आज्ञा

इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात तिला सगळे घाईताई म्हणत, आणि ते नाव तिने स्वकष्टाने कमावलं होतं. चहा उकळता असतानाच पिऊन रोज जीभ भाजून घेणारी बाई. शेजारच्या टेबलावरचे तिचे वरिष्ठ म्हणजे अगदी दुसरं टोक. डेटाबेसमध्ये काहीही बदलण्याआधी ‘व्यवहार सुरू’ अशी आज्ञा द्यायची, झालेला बदल डोळ्यांनी तपासायचा आणि मगच तो कायम करायचा, हा त्यांचा हेका. ती त्यांना पाठीमागे थांबाराव म्हणायची.

त्या दिवशी सकाळी एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. त्यांची शिवणकाम करणारी बायको मूत्रपिंडासाठी प्रतीक्षायादीत होती, आणि तिचा नंबर अचानक मागे गेला होता. घाईताईने मूळ शोधून काढलं. दुसऱ्या इस्पितळाकडून आलेली त्या बाईची नावनोंदणीची तारीख वाचताना सर्व्हरवरच्या स्क्रिप्टने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, दिवसालाच महिना समजून तीन फेब्रुवारीचं दोन मार्च करून टाकलं होतं. स्क्रिप्ट दुरुस्त झाली. आता ती एक नोंद तेवढी सुधारायची राहिली.

“बसा बाहेर बाकावर. पाच मिनिटांत करते,” ती म्हणाली.

आज्ञा दोन ओळींची होती. पहिल्या ओळीत काय बदलायचं, दुसरीत कोणाचं. घाईताईने माउसने फक्त पहिली ओळ निवडली आणि चालवून मोकळी झाली. उत्तर आलं, दोन हजारांवर नोंदी बदलल्या.

यादीतल्या प्रत्येकाची तारीख तीन फेब्रुवारी. वर्षानुवर्षं वाट पाहणारे आणि काल नाव घातलेले, सगळे सारखेच. तेवढ्यात फोन वाजला. प्रत्यारोपण विभागाची नर्स होती.

“ताई, मूत्रपिंड मिळतंय. रक्तगट जुळणाऱ्यांची यादी हवीय, तर पान उघडतच नाही. नुसतं फिरतंय.”

तिने फोन हाताने झाकला. “सर, मी सगळ्यांच्या तारखा घालवल्या. आणि आता पानही अडकलंय.”

थांबाराव खुर्ची ओढत आले. “अडकलंय? नक्की?”

“हो.”

“मग घाबरू नकोस. तुझा बदल अजून कायम झालेला नाही. डेटाबेस त्या नोंदी धरून बसलाय, कोणाला हात लावू देत नाहीये. वरची ओळ बघ.”

वर ‘व्यवहार सुरू’ लिहून आधीच चालवलेलं होतं. कधी लिहिलं ते तिला आठवेना. थांबारावांची टिंगल करता करता बोटांना वळण लागून गेलं होतं.

‘मागे घे’ लिहिता लिहिता ती थबकली. मागे घेतल्याबरोबर नर्सचं पान उघडणार, आणि त्यात ती शिवणकाम करणारी बाई अजून मागेच असणार.

“सिस्टर, यादी दिसली तरी कोणाला कळवू नका. मी सांगेपर्यंत थांबा.”

थांबारावांनी भुवया उंचावल्या.

तिने आज्ञा चालवली आणि यादी पुन्हा उघडली. तारखा परत आल्या होत्या. ज्याची त्याला, एकही इकडची तिकडे नाही. ती खाली खाली वाचत गेली. काही बदलण्याआधी त्या यंत्राने प्रत्येक माणसाचा जुना दिवस बाजूला जपून ठेवला होता आणि तिचा शेवटचा शब्द येईपर्यंत निमूट वाट पाहिली होती. इतकी वर्षं ही आज्ञा तिला माहीत होती, पण त्यामागे एवढं काही आहे हे तिला आजच दिसलं.

“केवढं सांभाळतं हे, सर,” ती हळूच म्हणाली.

“मला अजूनही नवल वाटतं,” थांबाराव म्हणाले.

मग तिने पुन्हा ‘व्यवहार सुरू’ची आज्ञा दिली आणि दोन्ही ओळी निवडल्या. एक नोंद बदलली. तिने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि कायम केली.

“सिस्टर, आता नव्याने उघडा. पहिलं नाव कोणाचं?”

नर्सने नाव वाचलं.

थोड्या वेळाने काचेपलीकडे ती नर्स बाकाशी येऊन वाकली. गृहस्थ उभे राहिले, पुन्हा बसले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. घाईताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा चहा टेबलावर तसाच गार झाला होता.