डाव्या कानातला श्वास

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या गाद्यांचे काळे कातडे सोलवटले आहे आणि डोक्यावरच्या पट्टीला दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली आहे. कारखान्यात माझ्यासारखे शेकडो तयार झाले. दुकानात एका बाईने नेमके माझ्याच खोक्यावर बोट टेकवले आणि माझे घर ठरले.

बाई न्यायालयातल्या जबान्या ऐकून टाइप करून देत. नऊ वर्षे माणसे माझ्यातून बोलली, रडली, खोटे बोलली आणि मध्येच गप्प झाली. बाई त्यांचे गप्प होणेही लिहीत. कचेरीतले साहेब म्हणत, "यांच्या कागदात चूक सापडत नाही." त्या कौतुकातला थोडा वाटा मी हळूच माझ्याकडे ओढून घेई.

एका सकाळी बाई खुर्चीतून उठल्या, त्यांनी टेबल धरले आणि तिथेच कोसळल्या. मी त्यांच्या गळ्यातच होतो. मला कुणीतरी घाईघाईने काढून बाजूला टाकले. पुढचे आठ महिने मी खणात पडून होतो. त्या अंधारात साक्षीदारांचे आवाज मला पुन्हा पुन्हा ऐकू येत. बाईंचा आवाज मात्र येत नसे. त्या माझ्यातून कधी बोलल्याच नव्हत्या.

बाईंचे यजमान गाडी चालवायला शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. एका दुपारी त्यांनी मला खणातून काढले, रेडिओला जोडले आणि कानांवर चढवले. काटा दोन केंद्रांच्या मध्ये होता. उजव्या कानात नुसती सलग खरखर होती. डाव्या कानात ती येई, जाई, पुन्हा येई, अगदी कुणी शेजारी बसून श्वास घेत असल्यासारखी.

मास्तर ताठ बसले. मग हळूच म्हणाले, "बोल. ऐकतोय मी."

मित्रांनो, मला माहीत होते की माझी वायर तुटली आहे. पण सांगणार कसे? माझ्यातून सगळे बोलतात, मला स्वतःला मात्र बोलता येत नाही.

मास्तर रोज दुपारी तसेच बसू लागले. शिकायला येणारे दार वाजवून परत जात. मास्तरांच्या वृद्ध आई हाका मारून थकत. एके दिवशी आई न्हाणीघरात घसरल्या आणि तासभर ओल्या फरशीवर बसून राहिल्या. मास्तर चार पावलांवर होते. त्यांना काहीच ऐकू आले नाही.

आईंना बघायला बाईंची थोरली बहीण आली. तिने विजेचे मीटर दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवला होता. आईंच्या पायाला पट्टी बांधून झाल्यावर ती मास्तरांसमोर येऊन बसली.

"कशात एवढे गुंतला होतात, भाऊजी?"

मास्तरांनी मला तिच्या हातात दिले. तिने मला कानांवर चढवले. तिचा चेहरा क्षणभर पांढराफटक पडला. मग तिने मला उलटे घातले, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. श्वास आता तिच्या उजव्या कानात आला. तिने मला परत मास्तरांना दिले.

"घाला. आणि आता श्वास रोखून धरा."

मास्तरांनी श्वास रोखला. डावीकडची खरखर थांबली.

"तिनेही रोखला, ताई," मास्तर म्हणाले.

"भाऊजी, तुमची छाती वर-खाली होते तशी वायर हलते. आत तार तुटलीय. टोकं टेकली की आवाज येतो, सुटली की जातो."

मास्तर उठून खिडकीशी गेले. बराच वेळ त्यांची पाठच दिसत होती. ताईने मात्र मला उघडले. गादी सोडवली, चार स्क्रू काढले आणि पिशवीतल्या तपासणीच्या मीटरच्या सुया एकेका तारेला लावल्या; तार अखंड असली की तो वाजतो. उजवीकडे मीटर लगेच वाजला. डावीकडे गप्प. तिने वायर बोटभर अंतराने दुमडत नेली. जिथे ती डाव्या कानात शिरते तिथे मीटर एकदा वाजला आणि बंद पडला.

"इथेच का तुटली असेल?" ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने मला घालून पाहिले आणि माझा डावा कान अंगठ्याने मागे सरकवला. वायर बरोबर त्याच जागी मुडपली.

आतल्या खोलीतून बघणाऱ्या आई म्हणाल्या, "सूनबाई तशीच करायची. मी हाक मारली की एक कान उघडा करायची. दिवसातून पन्नासदा."

मास्तर वळले. टेबलाशी येऊन बसले.

"मला शिकवा," ते म्हणाले. "मी जोडतो."

ताईने सांगितले तसे मास्तरांनी दोन इंच वायर कापली, तारांवरचा रंगीत लेप खरवडला आणि सोल्डरच्या तापल्या सळईने त्यांना कथील चढवले.  पहिला जोड निसटला. दुसरा बसला. ताई कापलेला तुकडा कचऱ्यात टाकणार, तोच मास्तरांनी तळहात पुढे केला.

मग त्यांनी मला पुन्हा रेडिओला जोडून घातले. दोन्ही कानांत सारखी, सलग खरखर. त्यांनी श्वास रोखला. खरखर चालूच राहिली. त्यांनी श्वास सोडला तरीही.

"गेली ती," मास्तर म्हणाले. त्या घरात हे शब्द इतक्या महिन्यांत कुणी उच्चारले नव्हते.

आता दुपारी मी आईंच्या डोक्यावर असतो. त्या बातम्या ऐकतात आणि मास्तर शिकवायला जातात. सगळे म्हणतात, अगदी नव्यासारखा वाजतो. खरे आहे. पण दोन्ही कान नीट झाले तेव्हापासून मला कुणीतरी सोडून गेल्यासारखे वाटते.

मित्रांनो, वायरीला धरून आम्हाला ओढू नका. गुंडाळताना पीळ देऊ नका. बिघडलो तर फेकण्याआधी एकदा उघडून पाहा. मात्र सावकाश उघडा. जिथे आम्ही तुटतो, तिथे पुष्कळदा कुणाचा तरी हात रोज लागलेला असतो.