फाल्गुनाचं पाकीट

कौशल्याबाईंच्या हातात पैसा टिकत नाही, हे सगळ्या नांदूरघाटाला ठाऊक होतं आणि त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. फक्त सुनेनं ते तोंडावर म्हटलेलं त्यांना खपलं नसतं. मनिषानं म्हटलंही नाही. तिनं सरळ पाकिटं केली.

झालं होतं असं. मागच्या वर्षी मुलगा जीवन आणि सून मनिषा ऊस तोडायला गेले, तेव्हा मुकादमानं आगाऊ दिलेल्या उचलीतले घरखर्चाचे पैसे एकरकमी म्हातारीच्या हवाली करून गेले. कौशल्याबाईंनी त्यातले काही पुतण्याला हातउसने दिले, दारावर आलेल्या भांडीवालीकडून नसत्या गरजेची पातेली घेतली, नात राजनंदिनीला पैंजण केले, आणि संक्रांत सरते न सरते तोच चंची रिकामी. मग शेवटचे दोन महिने किराणा उधारीवर. दुकानदारानं चारचौघांत मागची बाकी विचारली, ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. त्यामुळे यंदा दिवाळीचे दिवे विझले नाहीत तोच त्यांनी सुनेच्या मागे टुमणं लावलं, की फाल्गुनापर्यंत पुरंल का गं, फाल्गुनात काय खायचं गं. चूल पेटवताना तेच, भांडी घासताना तेच. मनिषा कान किटेपर्यंत ऐकत राहिली.

बचत गटाच्या बैठकीला केजहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी बायांना सांगितलं, की खर्चाचं पाकीट वेगवेगळं करा, ज्याचं त्यात ठेवा, एकातलं दुसऱ्यात घालू नका. मनिषानं ते मनावर घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी तिनं सासूपुढे चार पाकिटं मांडली. सासूला वाचता येत नव्हतं, म्हणून पाकिटांवर खुणा केल्या: मार्गशीर्षावर गव्हाचा दाणा चिकटवलेला, पौषावर तीळ, माघावर बोराची बी, आणि फाल्गुनावर गुलाबी रंगात बुडवून उमटवलेलं बोट. चारही खळीनं पक्की बंद. अमावस्या सरली की पुढचं उघडायचं, त्याआधी हात लावायचा नाही. दर पाकिटात तीन हजार, असं तिनं सांगितलं. चौथं जाडजूड पाकीट हातात घेऊन दाबून पाहिल्यावर कौशल्याबाईंचं टुमणं थांबलं. सुनेचं कौतुक करायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्या पाकिटं उचलून पेटीत ठेवून आल्या.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. काटकसर करून का होईना, घर चाललं. आणि माघ अर्धा झाला तेव्हा शेजारच्या अकबरीनं शेळी विकायला काढली.

अकबरीच्या लेकानं केजला फळांची गाडी टाकली होती आणि आता सगळं घरच तिकडं हलणार होतं. तिथल्या भाड्याच्या खोलीत शेळी बांधायची कुठं? शेळी काळीभोर, लांब कानांची, आणि गाभण. अकबरी सात हजाराला द्यायला तयार झाली, तेही कौशल्याबाई म्हणून. शुक्रवारी टेम्पो येणार होता. त्याच्या आधी घ्या, नाहीतर बाजारात नेते, असं तिनं सांगून टाकलं.

झालं, कौशल्याबाईंच्या जिवाला घोर लागला. त्या दिवशी त्या तीनदा अकबरीच्या अंगणात जाऊन आल्या. एकदा विरजण मागायला गेल्या, एकदा विरजण परत द्यायला, आणि तिसऱ्यांदा कशाला गेल्या ते त्यांनाही सांगता येईना. दर वेळी शेळीची कूस चाचपून पाहिली. दोन करडं नक्की. पाडव्यानंतर एक विकलं तरी निम्मे पैसे सुटले. स्वतःचे गाठीला बांधलेले अडीच हजार होते, माघाच्या पाकिटात दीड हजार उरले होते. उरलेले तीन हजार पेटीतल्या गुलाबी बोटाच्या पाकिटात पडून होते. पडूनच तर होते. पैसा पडून राहण्यापरीस चरत राहिलेला काय वाईट?

भाकरी थापताना भाकरी फाटली. राजनंदिनी काहीतरी विचारत होती ते ऐकू आलं नाही. पेटी उघडली, झाकली, पुन्हा उघडली. मनिषा म्हणेल, तुमच्यानं चार महिने दम धरवला न्हाई. म्हणू दे. शेळी दारात बांधलेली दिसली म्हणजे तिचं तोंड आपोआप बंद होईल.

गुरुवारी नात शाळेत गेल्यावर त्यांनी दाराला कडी घातली आणि पाकिटाची कड पाण्याच्या बोटानं भिजवून हळूच सोडवली. पुन्हा चिकटवायची सोय ठेवून, म्हणजे बघा. आत हात घातला.

कागद निघाले. वहीचे, रेघोट्यांचे, नोटेच्या मापानं कापलेले कागद. एकही नोट नाही.

पहिल्यांदा त्यांनी पाकीट उलटं करून झटकलं. मग पेटीच्या तळाशी पाहिलं. मग त्यांचा पारा असा चढला, की कानशिलं तापली. सुनेनं आपल्याला फसवलं. सासूचा हात सैल आहे म्हणून तिनं खोटं पाकीट ठेवलं, खरे पैसे माहेरी पोचवले. घरातला फोन घेऊन त्या तरातरा अकबरीकडे गेल्या आणि तिला नंबर लावायला सांगितला. तिकडे कुणी उचलला नाही. त्या वेळी मनिषा उसाच्या फडात असणार. अकबरीनं शेळीचं विचारलं, त्याला उत्तर न देताच त्या माघारी आल्या.

घरात चैन पडेना. बसल्या, उठल्या, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. परत येऊन ते कागद हातात घेतले. कडा कशा सारख्या होत्या, विळीनं एकेक कापलेल्या, गड्डी नोटांच्या गड्डीएवढी जाड. फसवायचंच असतं, तर चौथं पाकीट करायचं कशाला? तीनच ठेवली असती, नाहीत म्हणाली असती. कौशल्याबाई काय हिसकावून घेणार होत्या? निघायच्या धांदलीत, बोचकी बांधायची सोडून, लेकीच्या जुन्या वहीचे कागद मापानं कापत बसली बाई. कशासाठी? फाल्गुनात काय खायचं गं, फाल्गुनात काय खायचं गं. ते टुमणं कुणाचं होतं?

पैसे पुरले नव्हते. तीनच महिन्यांचे होते. चौथ्याचे तिकडं मुकादम दर आठवड्याला देतो त्या खर्चीतून राखून पाठवायचे, असं तिनं मनाशी धरलं असणार, आणि तोवर म्हातारीनं निवांत झोपावं. म्हातारी झोपली होती खरी. कौशल्याबाईंना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ भीती. पोरीनं राखलेच नाहीत तर?

संध्याकाळी मनिषाचा फोन आला. राजनंदिनी बोलली, मग कौशल्याबाईंनी फोन घेतला. मागे ट्रक भरायची घाई चालली होती, जीवन कुणाला तरी ओरडत होता. मनिषा धापा टाकत विचारत होती, की दुपारी कावून फोन केलता. कौशल्याबाईंच्या तोंडाशी आलेलं त्यांनी गिळलं आणि राजनंदिनीनं आठवण काढली म्हणून सांगितलं.

"आत्या, फाल्गुनाचं पाकीट माझ्या फोनबिगर उघडू नका बरं," मनिषा फोन ठेवता ठेवता म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची.

"न्हाई उघडत," कौशल्याबाई म्हणाल्या.

शुक्रवारी टेम्पो आला. शेळी टेम्पोत अकबरीच्या खाटेशेजारी उभी राहून ओरडत ओरडत केजच्या बाजाराला गेली. कौशल्याबाई ते बघायला घरी नव्हत्या. त्या सकाळीच विळा घेऊन हरभऱ्याच्या रानात गेल्या होत्या.

साठी ओलांडल्यापासून त्यांनी रोजंदारी सोडली होती. गुडघे मोडत नव्हते, आणि हरभऱ्याच्या पाल्यावरची आंबट आंब तळहाताच्या भेगांत अशी झोंबायची, की रात्री भाकरीचा तुकडा मोडवत नसे. बायका चिडवायच्या, की म्हातारे, पोरगा-सून कमावतेत अन् तुला कशाची हाव सुटली. त्या म्हणायच्या, मला शेळी घ्यायची हाय. संध्याकाळी मजुरी मिळाली की वाटेत कुठंही न थांबता घरी यायचं आणि पाकिटातला एक कागद काढून एक नोट घालायची. दुकानापुढून जाताना पाय ओढायचा. बांगडीवाला दारात आला की जीव खालीवर व्हायचा. मध्ये दोन दिवस पाऊस भुरभुरला, काम बंद पडलं, तेव्हा त्या दारात उभ्या राहून आभाळाला शिव्या घालत होत्या. एवढी तगमग त्यांना रिकाम्या चंचीनंही कधी दिली नव्हती. शेवटी कमी पडले, तेव्हा गाठीचे सोडून त्यात घातले. गाठ सोडताना हात अडखळला, खोटं कशाला बोला.

अमावस्या सरली. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला. मनिषानं राजनंदिनीशी बोलणं लवकर आटोपलं आणि फोन आजीला द्यायला सांगितलं. तिचा आवाज बारीक झाला होता. आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग मुकादमानं खर्ची थकवली म्हणून सांगायला लागली, नवऱ्याला चार दिवस ताप होता म्हणाली, आणि मधेच थांबून म्हणाली, "आत्या, त्या पाकिटाचं मला तुमाला सांगायचं हाय."

"मी उघडलं की ते," कौशल्याबाई म्हणाल्या.



"मंग?" मनिषानं विचारलं.

"मंग काय. तीन हजार निघाले. तू मोजून ठिवले तितकेच. आता हितली चिंता करू नको, जीवनला दवाखान्यात ने."

फोन तुटला की काय, म्हणून कौशल्याबाईंनी तो कानावर दाबून धरला. बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या, आणि मनिषाचा श्वास. मग ती रडक्या आवाजात बोलली.

"कोणच्या कामाला जायलात, आत्या?"

कौशल्याबाईंनी फोन या हातातून त्या हातात घेतला, भेगाळलेला तळवा लुगड्याला पुसला.

"हरभऱ्याला जात होते," त्या म्हणाल्या. "आता तो उरकला. उद्यापून ज्वारीला हाय."