उजव्या पायाची हजेरी

१९६३ साली, होळीच्या दहा दिवस आधी, यवतमाळच्या दवाखान्यात माझ्या बाचा उजवा पाय गुडघ्याखालून कापला. आता हे झालंच नाही असं समजून पुढं चालू. बाचे दोन्ही पाय शाबूत आहेत, आणि कळंबजवळच्या आमच्या बंजारा तांड्याचा नायक हिरासिंग या नात्यानं तो ओट्यावर ते लांब करून बसलेला आहे.

त्याला साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी गूळ बंद केला. पण आमच्याकडे सोयरीक पक्की होते ती गुळानंच. नायकानं सगळ्यांसमोर खडा तोंडात टाकला की बोलणं संपलं. नाही टाकला तर नवरा-नवरी दोघंही बिनलग्नाचे. म्हणजे तांड्यातल्या सगळ्या पोरांचे संसार माझ्या बाच्या लघवीत उतरत होते.

मी तोडगा काढला: बाच्या वतीनं गूळ मी खाईन. पहिल्याच सोयरिकीत नवरीच्या बापानं विचारलं, "नायकाचा गूळ तू खाशील, मंग नवरदेवाची हळद बी तूच लावून घेशील काय?"

बा हसला आणि खडा उचलला. "एका खड्यानं काय होते बे."

डॉक्टरांनी दुसरंही एक सांगितलं होतं. "यांचे पाय मुके झाले आहेत. दुखलं तरी सांगणार नाहीत. रोज तळवे पाहा." बाला वाकता येत नव्हतं आणि डोळ्यांपुढं धुकं असायचं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी मी त्याचे पाय मांडीवर घ्यायचो.

"डावा पाय?"

"हजर."

"उजवा पाय?"

"हजर गुरुजी. करंगळी गोष्टी करून राह्यली, तिले उभी करा."

दोन वर्षांत एक खाडा नाही.

मग माझी सोयरीक ठरली. पुसदकडच्या देवीलालची लेक जमनी. तिकडच्या बाजारातून मी बासाठी नवा जोडा आणला. बानं तो घालून अख्खा तांडा फिरून दाखवला. "नवा जोडा, आन कुठीच चावून राह्यला नाही. भारी चीज आणली पोरा."

मला फार अभिमान वाटला. जोडा चावत नाही याचा.

सोयरिकीच्या दिवशी गुळाचा खडा मीच त्याच्या हातावर ठेवला. मोठा ठेवला. स्वतःच्या लग्नात माणूस हात आखडता घेत नाही.

पुढचे आठ दिवस मी तांड्यातांड्यांतून सोयऱ्यांना बातमी देत फिरलो. लोक चहा पाजत, मी देवीलालच्या नकला करत असे. परतलो तर याडी, म्हणजे माझी आई भुरीबाई, दारातच उभी.

"रोज म्हणलं, पाय पाहू दे मले. तर म्हणे, थांब. हजेरी आपला भावसिंगच घेईल."

मी ओट्यावर बसलो. बानं जोडा काढून पाय स्वतःच पुढं केले. तो तयारच होता.

"डावा पाय?"

"हजर."

उजव्या जोड्याच्या तळातून खिळा वर आला होता. नखाएवढा. आठ दिवस बा त्याच्यावर उभा राहून लोकांचे रामराम घेत होता. तळवा काळा पडला होता. वास येत होता.

मी पुढचं नाव घेतलं नाही.

"उजव्याले विचार ना बे," बा म्हणाला. "हजर हाय तो."

पाय कापलाच नाही, हे आपलं सुरुवातीलाच ठरलं आहे. ते कागदावरही यावं म्हणून, संबंधित अधिकाऱ्यांस विनंती की, हिरासिंग नायक यांच्या उजव्या पायाची सोयरिकीनंतरच्या आठ दिवसांची हजेरी मागील तारखेनं घेण्याची परवानगी सदर अर्जदारास मिळावी. अर्जदार रोज वेळेवर उपस्थित राहील. गुळाचा खडाही लहान ठेवील.